शेवयांच्या पुड्याचा खटला

गतवर्षी नववीच्या वर्गात भूगोलाच्या तासाला एका विद्यार्थ्याने शेवयांचा एक पुडा आणला होता. त्याचे वडील जहाजावर नोकरीस आहेत. सुटीवर येताना त्यांनी तो इटलीतील एका बंदरात विकत घेतला होता. आतील पिवळसर, कडक काड्या हातोहात फिरल्या. "या आपल्या शेवयाच ना?" असा प्रश्न आला. आम्ही 'होय' म्हणालो खरे. पण त्याच वेळी पुड्यावरील एका ओळीकडे आमचे लक्ष गेले. 'पास्ता दि सेमोला दि ग्रानो दुरो', अर्थात कठीण गव्हाच्या रव्याचा पास्ता. ही ओळ दिसावयास साधी असली तरी तिच्यावरून एक मोठा खटला झालेला आहे. त्या दिवशी तास संपला. तो अपुरा राहिलेला पाठ येथे पुरा करीत आहोत.

प्रथम गव्हाविषयी. ज्याच्या पिठाचा पाव होतो तो मऊ गहू. दुसरा कठीण गहू. त्याला इंग्रजीत ड्युरम म्हणतात व आपल्याकडे बक्षी किंवा बन्सी या नावांनी तो ओळखला जातो. तो दळला असता पिवळसर, कणीदार रवा निघतो. या रव्याच्या शेवया उकळत्या पाण्यात आकार सोडत नाहीत; मऊ गव्हाच्या लवकर चिकट होतात. कठीण गहू सहसा महाग पडतो. त्यामुळे त्यात मऊ गव्हाची भेसळ करण्याचा मोह कारखानदारास होणे स्वाभाविक आहे.

हा मोह थांबविण्यासाठी इटलीने ४ जुलै १९६७ रोजी एक कायदा केला. इटलीत विकला जाणारा सुका पास्ता केवळ कठीण गव्हाचाच असला पाहिजे, आणि बाहेरून येणाऱ्या मालासही हाच नियम लागू, असे त्यात ठरले. परंतु इटलीने १९५७ च्या रोम करारावर सही केली होती. त्या कराराच्या तिसाव्या कलमानुसार सदस्य देशांनी परस्परांच्या मालाची वाट अडवावयाची नव्हती. सार्वजनिक आरोग्यासारख्या मोजक्या कारणांसाठीच छत्तिसाव्या कलमात सवलत होती. जर्मनीत मात्र दोन्ही गव्हांचे मिश्रण कायदेशीर होते.

इटलीच्या उत्तर सीमेजवळ बोल्झानो हे शहर आहे. पहिल्या महायुद्धानंतर हा प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आला. तेथे जर्मन व इटालियन या दोन्ही भाषा चालतात. 'द्राय ग्लोकेन' या जर्मन कंपनीचा मिश्र गव्हाचा पास्ता या शहरातील एका दुकानी विक्रीस आला. स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांनी दंड केला. उत्पादक व दुकानदार या दोघांनीही न्यायालयात दाद मागितली. तेथील न्यायाधीशाने करारासंबंधीचा प्रश्न लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाकडे पाठविला. मिलान येथूनही तशाच स्वरूपाचे दुसरे प्रकरण आले.

इटलीच्या बाजूने मुख्यतः तीन मुद्दे मांडण्यात आले.

पहिला आरोग्याचा: मऊ गव्हाचा पास्ता टिकविण्यासाठी रसायने घालावी लागतील. न्यायालयाने म्हटले की तसा पुरावा नाही. केवळ शंकेवरून बंदी घालता येत नाही.

दुसरा ग्राहकाचा: इटालियन माणूस पास्ता म्हणजे कठीण गव्हाचाच समजतो, त्याची फसवणूक होईल. यावर न्यायालयाचे उत्तर असे, की मग पुड्यावर घटक लिहावयास लावा. 'कठीण गव्हाच्या रव्याचा पास्ता' हे नाव शुद्ध मालासाठीच राखून ठेवा. खाणावळीतील गिऱ्हाइकालाही तशी माहिती देता येईल.

तिसरा शेतकऱ्यांचा: दक्षिण इटलीतील कठीण गहू पिकविणाऱ्यांनी काय करावे? न्यायालयाने सांगितले की चांगल्या मालास मागणी राहील. गुणावर स्पर्धा करा.

या तिसऱ्या मुद्द्यावर आम्ही बराच विचार केला. पुलिया, सिसिली येथील कोरडवाहू शेतकऱ्याला हे उत्तर ऐकून किती धीर आला असेल, याची आम्हांस शंका वाटते. खुद्द न्यायालयाचे महाधिवक्ता मान्चिनी यांचेही मत इटलीचा कायदा टिकावा असेच होते. तथापि १४ जुलै १९८८ रोजी निकाल इटलीच्या विरुद्ध लागला. आदल्याच वर्षी जर्मनीचा बिअरविषयक जुना नियम याच न्यायालयाने याच न्यायाने अडविला होता, हेही ध्यानात ठेवावे. म्हणजे पक्षपाताचा संशय उरणार नाही.

निकाल केवळ परदेशी मालापुरता होता. इटलीतील कारखानदारांवर स्वतःच्या देशाचे बंधन राहिले. २००१ च्या नव्या नियमांतही देशात विकावयाच्या तेथील सुक्या पास्त्यात मऊ गव्हाचे पीठ शेकडा तीनपेक्षा अधिक चालत नाही. बाहेरचा मिश्र पास्ता येऊ शकतो. पण त्याच्या नावातच दोन्ही गव्हांचा उल्लेख करावा लागतो.

यात आपल्या शिकण्यासारखे काय? आमच्या घरी कोकणीत ज्यांना शिरवळ्यो म्हणतात त्या तांदळाच्या. देशावरच्या शेवया गव्हाच्या. दोन्ही आनंदाने खाल्ल्या जातात. एक दुसरीच्या नावाने विकली गेली, तर मात्र तो लबाडीचा व्यवहार होय. कायद्याने दार बंद केले की अडाण्याचेही रक्षण होते. दार उघडे ठेवून त्यावर खरे नाव लिहिले, तर वाचणाऱ्याचेच रक्षण होते. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने दुसरा मार्ग निवडला, आणि त्यामुळे वाचण्याची जबाबदारी ग्राहकावर आली.

आपल्या देशात येणाऱ्या पुड्यावरही आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, घटक आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह असावे लागते. ही अक्षरे बहुधा बारीक असतात. घरात आजीला ती दिसत नसतील. तेव्हा विद्यार्थ्यांनी पुढच्या बाजारी तिच्यासाठी एक पुडा उलटा करून मोठ्याने वाचून दाखवावा. मग त्या दिवशीचा आमचा तास वाया गेला नाही असे आम्ही समजू.