अस्थिशस्त्रक्रियेनंतरच्या वेदना व त्यांचे नियमन

बिदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या तालुक्यांत मराठी भाषिकांची वस्ती बरीच आहे. हाड मोडल्यास येथील रुग्णास बिदर, कलबुर्गी, सोलापूर, लातूर अथवा हैदराबाद येथे नेण्यात येते. हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्याच हैदराबाद शहरात १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची तपासणी करणारे दोन आयोग बसले होते. भुलीमुळे शस्त्रक्रियेच्या वेळची वेदना टळली. मात्र भूल उतरल्यानंतर सुरू होणाऱ्या ठणक्याचा प्रश्न उरला.

ठणका मुकाट्याने सोसणे म्हणजे धैर्य, अशी समजूत आढळते. ती हितावह नाही. वेदनेमुळे रुग्ण हालचाल टाळतो, खोल श्वास घेत नाही व खोकला दाबतो. परिणामी सांधा आखडतो, फुप्फुसांत कफ साठतो आणि पायातील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

याउलट, वेदनेचा संपूर्ण नायनाट करण्याचा आग्रहही घातक ठरला आहे. अमेरिकेत १९९५ नंतर नाडी व तापाप्रमाणेच वेदनेचीही नोंद घ्यावी, असा प्रचार झाला. तो हेतू चांगला होता. परंतु अफूवर्गीय गोळ्यांचा वापर बेसुमार वाढून असंख्य लोक व्यसनाधीन झाले व अनेक दगावले. तेथील शासकीय आरोग्य यंत्रणेला २०१६ साली या गोळ्यांच्या वापराबाबत मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. डेन्मार्कमधील शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात वेगळा मार्ग पुढे आणला. निरनिराळ्या प्रकारची सौम्य औषधे एकत्र योजणे, आवश्यक तेथे मज्जातंतू बधिर करणे व रुग्णास लवकर चालविणे, हे त्याचे सूत्र होय.

भारत औषधासाठी अफूची कायदेशीर लागवड करणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक आहे. तथापि गुंगीकारक औषधिद्रव्यांविषयीच्या १९८५ च्या अधिनियमातील कडक निर्बंधांमुळे मॉर्फिन रुग्णालयांना मिळणे कठीण झाले. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्याची पद्धत सुलभ करण्यात आली. ट्रामाडॉल हे औषध २०१८ साली या कायद्याच्या कक्षेत आले.

सीमाभागात भाषेचीही अडचण येते. रुग्ण ‘ठणका’, ‘कळ’, ‘चमक’ असे मराठीतून सांगतो, तर परिचारिका ‘नोवु’ हा कन्नड शब्द जाणते. अशा वेळी शून्य ते दहा या आकड्यांत वेदना सांगावी. शून्य म्हणजे वेदना नाही. दहा म्हणजे असह्य वेदना. औषध दुखणे शिगेस पोहोचल्यावर नव्हे, तर डॉक्टरांनी नेमून दिलेल्या वेळी घ्यावे. पॅरासिटामॉलची सांगितलेली मात्रा ओलांडू नये. मूत्रपिंडाचा विकार वा पोटात व्रण असलेल्यांनी इब्युप्रोफेनसारखी औषधे दुकानातून परस्पर आणू नयेत.

प्लास्टर अथवा घट्ट पट्टी असलेल्या अवयवात औषधानंतरही वेदना वाढत गेल्यास, बोटे ताणताच असह्य कळ आल्यास किंवा बोटे बधिर, गार वा निळसर झाल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. हाडवैद्याने बांधलेल्या पट्टीसही हाच नियम लागू आहे. काही तासांच्या विलंबाने हात वा पाय कायमचा गमवावा लागू शकतो. ग्रामसेवक, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांनी ही लक्षणे गावोगाव समजावून सांगावीत. वेळीच सांगितलेली वेदना ही तक्रार नसून उपचारास मिळालेली मदत होय.