खोडून पुन्हा लिहिता येईल अशी स्लाइड

प्रश्न: मी आदिलाबाद जिल्ह्यात बेला मंडळातल्या मराठी माध्यमाच्या झेडपी शाळेत शिकवते. केसलापूरच्या नागोबा जत्रेवर मुलांसाठी एक पाठ करायचा होता. इंजिनिअरिंगला असलेल्या भाचीनं तो वेबपान म्हणून करून दिला. वर मोठं शीर्षक, डावीकडे देवळाचा फोटो, उजवीकडे तीन रंगीत चौकटी: मेश्राम मंडळी चालत जाऊन आणतात ते गोदावरीचं पाणी, नव्या सुनांची देवाशी भेट, आणि दरबार. ब्राउझरमध्ये पान फार सुरेख दिसतं. आता आमच्या शेजारच्या तेलुगू शाळेतल्या सरांनाही ते हवं आहे, पण पॉवरपॉइंटमध्ये. मराठी काढून ते तिथं तेलुगू घालणार. मी स्क्रीनशॉट काढून स्लाइडवर चिकटवला, तर एकही अक्षर बदलता येईना. भाची म्हणते, ब्राउझरमध्येच पानाची खरी स्लाइड करता येते. हे होतं कसं? आणि त्यात आपल्या मजकुराचं काही बिघडत नाही ना?

उत्तर: ताई, भाची म्हणते ते खरं आहे. मजकूर मात्र बिघडू शकतो. कुठे बिघडतो ते आधी माहीत असलं, तर टाळता येतं.

स्क्रीनशॉट म्हणजे भरलेल्या फळ्याचा फोटो. फोटोतला खडू डस्टरनं पुसता येत नाही. तुमच्या सरांना हवाय तो फळाच. म्हणून शीर्षक हे शीर्षक म्हणून, चौकट ही चौकट म्हणून आणि वाक्य हे वाक्य म्हणून स्लाइडवर उतरायला हवं.

हे जमतं, कारण पॉवरपॉइंटची फाइल वाटते तितकी बंदिस्त नसते. एक गंमत करून बघा. कुठल्याही पीपीटीएक्स फाइलची प्रत काढा, नावाच्या शेवटचं पीपीटीएक्स खोडून तिथं झिप लिहा आणि उघडा. आत फोल्डर दिसतील. एकात प्रत्येक स्लाइडची वेगळी मजकुरी फाइल असते, दुसऱ्यात फोटो. स्लाइडची फाइल नोटपॅडमध्ये उघडली की कंसांच्या गर्दीत तुम्ही टाइप केलेलं वाक्य जसंच्या तसं सापडतं. ही मांडणी ऑफिस २००७ पासून आली. २००६ मध्ये ती एक्मा या संस्थेचं मानक झाली आणि २००८ मध्ये आयएसओचं. नियम जाहीर आहेत, म्हणून पॉवरपॉइंट नसतानाही अशी फाइल कुणालाही तयार करता येते, अगदी ब्राउझरमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामलाही. पीपीटीएक्स-जेन-जेएस नावाची मोफत जावास्क्रिप्ट लायब्ररी नेमकं हेच काम करते. पानावरचा तक्ता थेट स्लाइडवर उतरवण्याची सोयही तिच्यात आहे.

आता पानाकडे वळू. पान पडद्यावर दाखवण्याआधी ब्राउझरनं सगळा हिशेब करून ठेवलेला असतो: शीर्षक कुठे संपतं, फोटो किती रुंद, दुसरी चौकट कुठून सुरू होते. शेताच्या मोजणीला आलेला माणूस बांधाचा एकेक कोपरा मोजून नकाशावर मांडतो, तसा रूपांतर करणारा प्रोग्राम पानातल्या प्रत्येक घटकापाशी जाऊन विचारतो: डावीकडून किती अंतर, वरून किती, रुंदी किती, रंग कोणता, फॉन्ट कोणता. ब्राउझर उत्तर देतो आणि ती मापं स्लाइडच्या फाइलमध्ये लिहिली जातात.

स्लाइडचं माप मात्र पिक्सेलमध्ये नसतं. तिथं एक बारीक एकक वापरतात, त्याला ईएमयू म्हणतात. एका इंचात ९,१४,४०० ईएमयू आणि एका सेंटिमीटरमध्ये ३,६०,०००. आकडा असा निवडलाय की इंच घ्या किंवा सेंटिमीटर, अपूर्णांक उरत नाही. वेबवर ९६ पिक्सेलचा एक इंच धरतात, म्हणून एक पिक्सेल म्हणजे ९,५२५ ईएमयू. तुमची ‘गोदावरीचं पाणी’ ही चौकट डावीकडून ७६० पिक्सेलवर, वरून १६० वर आणि ४४० रुंद आहे असं समजू. स्लाइडच्या फाइलमध्ये ती ७२,३९,००० वर, १५,२४,००० वर आणि ४१,९१,००० रुंद अशी जाईल. चौकटीतली अक्षरं २४ पिक्सेलची असतील, तर स्लाइडवर ती १८ पॉइंटची होतील. नुसता गुणाकार आहे, त्यात अंदाज कुठेच नाही.

यातूनच पहिली सूचना निघते. आजची रुंद स्लाइड १,२१,९२,००० बाय ६८,५८,००० ईएमयूची असते, म्हणजे बरोबर १२८० बाय ७२० पिक्सेल. भाचीला सांगा की पान त्याच मापाच्या चौकटीत बसव. वेबपान हे वाहतं असतं. मोबाइलवर उघडलं की तुमच्या तीन चौकटी एकीखाली एक येतात, मोठ्या पडद्यावर शेजारी बसतात. स्लाइडला हे वाहणं ठाऊक नाही. रूपांतर करताना पान ज्या रूपात असेल, त्याच रूपात ते थिजतं. माप आधीच ठरलेलं असलं की जे दिसतं तेच उतरतं. पान लांबलचक असेल तर त्याचे १२८० बाय ७२० चे तुकडे तुम्ही स्वतः पाडा, प्रोग्रामवर सोपवू नका. तो ‘दरबार’ हे शीर्षक एका स्लाइडवर आणि त्याखालचा परिच्छेद दुसऱ्या स्लाइडवर टाकून मोकळा होईल.

आता तुमची खरी काळजी, मजकूर.

पुष्कळ जण आधी पानाची पीडीएफ करतात आणि मग पीडीएफची स्लाइड. मराठीसाठी हा रस्ता धरू नका. ‘मंदिर’ हा शब्द घ्या. संगणकाच्या स्मरणात आधी द असतो, मग ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी द च्या आधी दिसते. वेबपानात मजकूर स्मरणातल्या क्रमानं असतो. पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रं बरेचदा दिसण्याच्या क्रमानं मांडलेली असतात, आणि ती परत मजकुरात आणताना ‘मंिदर’ असं काहीतरी हाती येतं. जोडाक्षरांचे तर पार तुकडे होतात. पानातून थेट स्लाइड केली, तर हा फेरा टळतो आणि वाक्य जसं लिहिलं तसं पोचतं. ब्राउझरमधल्या रूपांतराचा सर्वांत मोठा फायदा मला हाच वाटतो. इंग्रजीत काम करणाऱ्यांना तो तितका जाणवणार नाही.

दुसरी अडचण फॉन्टची. स्लाइडच्या फाइलमध्ये मजकुराच्या तुकड्यासाठी फॉन्टची तीन वेगळी खाती असतात: एक रोमन लिपीचं, एक चिनी-जपानी वगैरे लिप्यांचं आणि तिसरं देवनागरी, तेलुगू, अरबी अशा लिप्यांचं. काही प्रोग्राम फक्त पहिलं खातं भरतात. मग भाचीनं निवडलेला देखणा फॉन्ट आपल्या अक्षरांना लागतच नाही. पॉवरपॉइंट स्वतःच्या थीममधला फॉन्ट घेतो, देवनागरीला मंगल आणि तेलुगूला गौतमी. अक्षरांची रुंदी बदलते, ओळी वाढतात आणि चौकटीतला मजकूर खाली सांडतो. म्हणून वापरायच्या प्रोग्रामनं तिसरं खातं भरलंय की नाही, हे भाचीनं तपासायला हवं. झिप उघडून स्लाइडची फाइल वाचली की लगेच कळतं.

फॉन्ट कोणता घ्यावा? साध्या मजकुराला निर्मला यूआय घ्या. विंडोज ८ पासून तो विंडोजसोबतच येतो आणि एकाच फॉन्टमध्ये देवनागरी आणि तेलुगू दोन्ही आहेत. सरांनी मराठी खोडून तेलुगू लिहिलं तरी चेहरा बदलणार नाही. शीर्षकाला थोडी मजा हवी असेल, तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटानं केलेलं बालू हे फॉन्ट-कुटुंब बघा. मोफत आहे. त्यातल्या तेलुगू फॉन्टचं नाव बालू तम्मुडु. तम्मुडु म्हणजे धाकटा भाऊ, हे तुम्हाला बेल्यात राहून सांगायला नकोच. बालू मात्र सरांच्या संगणकावरही बसवून घ्यावा लागेल. तेलुगूत जोडाक्षरांतले वत्तू ओळीच्या खाली लोंबतात, म्हणून चौकटीत ओळींमधलं अंतर थोडं सैल ठेवा आणि खाली एक ओळ मावेल इतकी जागा सोडा.

आता ज्यावर मला जरा जोर देऊन बोलायचंय तो मुद्दा. ब्राउझर आणि पॉवरपॉइंट अक्षरांची रुंदी किंचित वेगळी मोजतात. त्यामुळे पानावर तीन ओळींत बसलेला परिच्छेद स्लाइडवर चौथ्या ओळीत जाऊ शकतो. हे टाळायला काही प्रोग्राम एक युक्ती करतात: प्रत्येक ओळ सुटी कापून तिचा वेगळा टेक्स्ट बॉक्स करतात. स्लाइड मग पानाशी अगदी तंतोतंत जुळते आणि बघणारा खूश होतो. पण सर जेव्हा ‘गोदावरीचं पाणी’ खाली तेलुगू वाक्य लिहायला बसतील, तेव्हा त्यांच्या हाती तीन सुटे तुकडे येतील. एका तुकड्यात शब्द वाढला तर तो पुढच्या ओळीत जाणार नाही, शेजारच्यावर चढेल. ते वैतागून सगळं पुसतील आणि नव्यानं टाइप करतील. अशी स्लाइड आणि स्क्रीनशॉट, यांत सरांच्या दृष्टीनं काय फरक राहिला? म्हणून निवड करायची वेळ आली, तर तंतोतंत दिसण्यापेक्षा अख्खा परिच्छेद एका चौकटीत राहणं निवडा. ओळ इकडची तिकडे झाली तरी चालेल. जत्रेबद्दलचं वाक्य दुसऱ्या भाषेतल्या मुलांपर्यंत जावं म्हणूनच तर हा खटाटोप आहे. ओळ उडू नये म्हणून चौकट थोडी रुंद करून ठेवली, की बहुतेक वेळा भागतं. शिवाय पॉवरपॉइंट टेक्स्ट बॉक्सच्या आत डाव्या-उजव्या बाजूला आपोआप दशांश इंचाची मोकळी जागा सोडतो. ती शून्य करून घेतली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

रंग, साध्या किनारी, गोल कोपरे, पारदर्शकपणा हे सगळं स्लाइडला येतं. येत नाही ते स्टाइलशीटनं परस्पर काढलेलं नक्षीकाम. यादीपुढचे ठिपके किंवा शीर्षकाआधीचं फूल पानाच्या मजकुरात मुळी नसतं, म्हणून मोजणीला आलेल्या प्रोग्रामला ते सापडत नाही. असे ठिपके मजकुरातच लिहून टाका. खूपच गुंतागुंतीची नक्षी असेल, तर तेवढ्याच भागाचं चित्र करावं. त्यावर कुणाला लिहायचं नसतं.

देवळाच्या फोटोचं काय? तो दुसऱ्या संकेतस्थळावरून थेट ओढलेला असेल, तर ब्राउझर तो दाखवतो, पण सुरक्षेच्या नियमामुळे प्रोग्रामला सहसा वाचू देत नाही. स्लाइडवर मग रिकामी चौकट येते. फोटो तुम्हीच काढलेला असावा आणि भाचीनं तो डेटा-यूआरएल करून पानाच्या आतच गुंफावा.

शेवटचं, तुम्ही न विचारलेलं. जत्रेच्या पाठात पुढेमागे शाळेतल्या मुलांचे फोटो येतील. रूपांतर खरोखर ब्राउझरमध्येच होत असेल, तर ते फोटो कुठल्याही सर्व्हरवर जात नाहीत. खात्री करायला पान पूर्ण उघडू द्या, मग संगणकाचं इंटरनेट बंद करा आणि बटण दाबा. फाइल उतरली, तर ती तुमच्याच संगणकावर तयार झाली. नाही उतरली, तर मुलांचे फोटो घालण्याआधी थांबा आणि दुसरा प्रोग्राम बघा.

प्रश्न: नारनूर मंडळातून विचारतो. आमच्या पानाचं शीर्षक गुंजाला गोंडी लिपीत आहे. स्लाइड केली की तिथं नुसते चौकोन दिसतात. लिपी चालत नाही का?

उत्तर: दादा, लिपी चालते. तुमच्याच मंडळातल्या गुंजाला गावात सापडलेल्या हस्तलिखितांवरून जगाला ती ठाऊक झाली आणि जून २०१८ मध्ये युनिकोडच्या ११ व्या आवृत्तीत तिला जागा मिळाली. चौकोन दिसण्याचं कारण बहुधा दोनपैकी एक.

पहिलं, फॉन्ट. गूगलच्या नोटो कुटुंबात नोटो सान्स गुंजाला गोंडी हा मोफत फॉन्ट आहे. वेबपान तो इंटरनेटवरून आणून दाखवतं. स्लाइड तसं करत नाही, ती संगणकावर बसवलेला फॉन्टच शोधते. त्याच यादीत नोटो सान्स मसराम गोंडी हाही आहे, पण ती वेगळी लिपी. बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी ती १९१८ मध्ये तयार केली आणि युनिकोडमध्ये ती २०१७ ला आली. दोन्हींचे संकेत वेगळे आहेत. चुकून मसराम बसवला, तर गुंजालाच्या जागी चौकोनच येणार.

दुसरं कारण प्रोग्रामचं. गुंजाला गोंडीचे संकेत युनिकोडच्या पहिल्या ६५,५३६ जागांच्या पलीकडे आहेत. जावास्क्रिप्टमध्ये तिथलं प्रत्येक चिन्ह दोन कप्प्यांत साठवलं जातं. मजकूर मोजून-कापून ठेवणारा प्रोग्राम हे लक्षात न घेता मधूनच कापतो, तेव्हा अर्धं चिन्ह एकीकडे आणि अर्धं दुसरीकडे जातं. अर्ध्याला काही अर्थ नसतो, म्हणून चौकोन. देवनागरी आणि तेलुगू त्या पहिल्या जागांमध्येच आहेत, त्यामुळे हाच प्रोग्राम तिथं नीट चालताना दिसतो आणि दोष लिपीच्या माथी येतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे नेमक्या शब्दांत कळवा, दुरुस्ती अवघड नसते.

दुरुस्ती होईपर्यंत शीर्षकापुरतं चित्र वापरा, पण त्या चित्राच्या पर्यायी मजकुरात तेच शीर्षक गुंजाला लिपीत लिहून ठेवा. मूळ अक्षरं फाइलमध्ये राहतील, पुढे फॉन्ट बसवला की तिथून उचलता येतील. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये फाइल जतन करतानाच्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्येच बसवायची सोय आहे, तीही सुरू करा. आणि पाठवण्याआधी तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या एखाद्या संगणकावर फाइल उघडून बघा.