जुने नौध्वज : ओळख आणि जतन

भारतीय ध्वजसंहितेनुसार फाटलेला वा मळलेला राष्ट्रध्वज एकांतात, शक्यतो अग्नीच्या स्वाधीन करून, संपूर्ण नष्ट करावयाचा असतो. शाळेच्या प्रांगणात वर्षानुवर्षे ध्वजवंदन केलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हा नियम ठाऊक आहे. मात्र आजोबांच्या ट्रंकेत नौदलाचे एखादे जुने निशाण सापडले, तर तेही जाळावे काय? नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग या पट्ट्यात नौदल गोदीत हयात घालवलेल्यांची कुटुंबे आहेत. म्हणून हा प्रश्न आम्हांस केवळ पुस्तकी वाटत नाही. रोजच्या वापरातील ध्वज जीर्ण झाला की त्याला सन्मानाने निरोप द्यावा, हे योग्यच. परंतु जो ध्वज एखाद्या घटनेचा साक्षीदार आहे, तो जीर्ण असला तरी राखलाच पाहिजे, असे आमचे मत आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावर फडकलेला रेशमी तिरंगा तेथील संग्रहालयाने असाच जपला आहे.

प्रथम ओळख पटवावी. आपल्या नौदलाचे निशाण अनेकदा बदलले, आणि हे बदलच संग्राहकाला काळ सांगतात. स्वातंत्र्यानंतरही २६ जानेवारी १९५० पर्यंत आपल्या युद्धनौकांवर ब्रिटिश धाटणीचेच पांढरे निशाण होते : सेंट जॉर्जचा लाल क्रूस आणि वरच्या कोपऱ्यात युनियन जॅक. प्रजासत्ताकदिनी त्या कोपऱ्यात तिरंगा आला. क्रूस तसाच राहिला. १५ ऑगस्ट २००१ ला क्रूस गेला व निळे नौदलचिन्ह आले. पण ते निळे चिन्ह आकाश आणि समुद्राच्या रंगात मिसळून जाते, अशी तक्रार झाली आणि २००४ मध्ये क्रूस परतला; त्याच्या मध्यभागी मात्र अशोकस्तंभाचे सिंह विराजमान झाले. तथागतांनी पहिले प्रवचन दिले त्या सारनाथचे हे शिल्प समुद्रावर फडकू लागले, याचा उल्लेख या स्मरणिकेत केल्यावाचून आम्हांस राहवत नाही. २०१४ मध्ये सिंहांखाली ‘सत्यमेव जयते’ आले. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे क्रूस कायमचा हटला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून स्फुरलेली अष्टकोनी चौकट आली. तेव्हा तिरंगा व क्रूस आहे, पण सिंह नाहीत, असे निशाण मिळाले तर ते १९५० ते २००१ या काळातील समजावे. त्याखालीच आपल्या नौदलाने १९७१ चे युद्ध लढले.

कापडही बोलते. जुनी निशाणे सैल विणीच्या लोकरी कापडाची. नायलॉन दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आले. पहिल्या महायुद्धातील म्हणून विकावयास आलेल्या निशाणात नायलॉनचा धागा दिसला, तर विक्रेत्यास नमस्कार करून निघावे. दोरीच्या बाजूची जाड पट्टी अवश्य पाहावी. तिच्यावर मापाचे वा मालकीचे शिक्के असतात. बाणाच्या टोकासारखी खूण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता.

युद्धनौका सेवानिवृत्त होते त्या दिवशी सूर्यास्ताला तिचे निशाण अखेरचे उतरवले जाते. ‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४ मध्ये दारूखान्यात तोडली गेली. एवढे प्रचंड जहाज टिकवणे आपणांस जमले नाही. घडी करून पेटीत मावणारे कापड तरी टिकवता येईल. १८०६ मध्ये नेल्सनच्या अंत्ययात्रेत खलाशांनी त्याच्या जहाजाचे निशाण फाडून आठवण म्हणून तुकडे वाटून घेतले. त्याच ट्रफाल्गरच्या लढाईत हस्तगत झालेले ‘सान इल्डेफोन्सो’ या स्पॅनिश जहाजाचे सुमारे १० मीटर रुंद व १४ मीटर लांब निशाण ग्रिनिचच्या संग्रहालयात अखंड आहे. प्रेम दोन्हीकडे होते. पण अभ्यासकाला अखंड निशाणच अधिक सांगते.

जतनाविषयी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निशाण धुऊ नये. लाल रंग पांढऱ्यात उतरला की तो निघत नाही. शिवाय धुराची काजळी, मिठाचे डाग आणि जुनी ठिगळे हा पुरावाच आहे. टाचण्या, स्टेपल, चिकटपट्टी, लॅमिनेशन वर्ज्य. घडीवर कापड तुटते, म्हणून रुंद पुठ्ठ्याच्या नळीवर आम्लरहित कागद गुंडाळावा आणि निशाणावर धुतलेली, बिनखळीची मलमल पसरून दोन्ही एकत्र सैल गुंडाळावे. वरून प्लॅस्टिक नको. मुंबईच्या पावसाळ्यात आत ओल कोंडून बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीलगत वा माळ्यावर ठेवू नये. लोकरीस कसर लागते. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नयेत. कीड दिसलीच तर निशाण हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावे आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याखेरीज उघडू नये. दिवाणखान्यात चौकटीत लावण्याचा मोह होतो. पण उन्हाने उडालेला रंग कोणीही परत आणू शकत नाही. संग्रहालये कापडासाठी ५० लक्सइतका मंद प्रकाश ठेवतात, तो यासाठीच. कापड फारच विरले असेल, तर घरी सुईदोरा न घेता फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कलासंवर्धन केंद्राचा सल्ला घ्यावा.

शंभर वर्षांहून जुने निशाण १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. ते परदेशी पाठवता येत नाही आणि त्याचा व्यापार परवान्याविना करता येत नाही. ते घरात असणे हा गुन्हा नव्हे, हे भयापोटी काहीबाही करू पाहणाऱ्यांसाठी सांगतो.

प्रत्येक निशाणासोबत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असावी : कोणत्या जहाजाचे, कोणाकडून, केव्हा मिळाले, ते कुटुंबात कोणी सांगितले. चिठ्ठी कापडाला टोचू नये. वेगळ्या पाकिटात ठेवून तिची प्रत दुसऱ्या जागी ठेवावी. घरातील वडीलधारे अजून सांगू शकतात तोवर, म्हणजे येत्या सुटीतच, ती लिहून घ्यावी.