मंदिराच्या डागडुजीत सापडलेला ग्रंथ

वाचन : २ राजे २२:१-२०, २३:१-३



चर्चचे छप्पर गळू लागले की आपण लगेच जागे होतो. समिती नेमतो, वर्गणी काढतो, पावसाळ्यापूर्वी काम उरकतो. ते योग्यच आहे. पण आपल्या श्रद्धेलाही गळती लागते. तिच्याकडे आपले लक्ष जाते का?

योशीया राजाच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी, इ.स.पूर्व ६२२ च्या सुमारास, यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चालू होती. लोकांनी दिलेला पैसा सुतार-गवंड्यांना दिला जात होता. त्या वेळी प्रमुख याजक हिल्कीया याला मंदिरातच नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. केवढी ही शोकांतिका! मंदिर होते, याजक होते. देवाचा शब्द मात्र देवाच्याच घरात हरवला होता.

शाफान चिटणीसाने तो ग्रंथ वाचून दाखवताच राजाने आपली वस्त्रे फाडली. पूर्वजांनी हे ऐकले नाही, हे त्याला कळले. पण त्यांना दोष देऊन तो मोकळा झाला नाही. त्याने हुल्दा संदेष्ट्रीकडे माणसे पाठवून देवाची इच्छा विचारली. मग लहानथोर सर्वांना जमवून ग्रंथ वाचला, देवाशी करार केला, मूर्ती हटवल्या. आधी ऐकणे, मग पश्चात्ताप, मग बदल, असा नूतनीकरणाचा क्रम आहे.

पण पुढे काय झाले? योशीयानंतर गादीवर आलेल्या त्याच्या मुलांनी देवाच्या दृष्टीने वाईट तेच केले. बापाचे परिवर्तन मुलांना वारशाने मिळत नाही. प्रत्येक पिढीला ग्रंथ नव्याने उघडावा लागतो.

म्हणूनच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) शिकवले की, ख्रिस्तसभा पवित्र असली तरी तिला सतत शुद्धीकरणाची गरज आहे. त्या परिषदेत सभेच्या आरंभी शुभवर्तमानाच्या ग्रंथाची सन्मानाने प्रतिष्ठापना होत असे. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी सामान्य काळातील तिसरा रविवार देवशब्दासाठी राखून ठेवला.

आपल्या घरचे काय? लग्नात भेट मिळालेले बायबल क्रुसाजवळ शोभेला असते. जमिनीची वाटणी करताना, अबोला धरताना, लग्नाचा खर्च ठरवताना आपण त्याला काही विचारत नाही. ग्रंथ घरात असूनही हरवलेला असतो!

मनन व कृतीसाठी
१. आपल्या घरात बायबल शेवटचे कधी उघडले गेले?
२. रविवारच्या वाचनातील कोणता शब्द आपल्याला टोचला? तो आपण दुसऱ्यावर ढकलला का?
३. या आठवड्यात रोज संध्याकाळी रोझरीनंतर शुभवर्तमानातील एक उतारा एकत्र वाचू या.

प्रार्थना : हे प्रभो, तुझा शब्द आमच्या घरात पुन्हा सापडू दे आणि नूतनीकरणाची सुरुवात आमच्यापासून होऊ दे. आमेन.