जोर लावला की चेंडू उजवीकडे का पळतो?

प्रश्न : पन्नाशीत गोल्फ शिकायला लागलो. त्याआधी बरीच वर्षं क्लबचं क्रिकेट खेळलोय, त्यामुळे हातात ताकद आहे. पण ड्रायव्हर घेऊन जितका जोर लावावा तितका चेंडू उजवीकडे वळून झाडांत जातो. एक काटकुळा कॉलेजकुमार मात्र सहज माझ्यापुढे तीस यार्ड मारतो. हे काय गौडबंगाल आहे? — एक वाचक, पुणे

उत्तर : क्लबफेस आणि चेंडू यांची भेट जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकते. सेकंदाचे दोन हजार भाग केले तर त्यातला एक. तेवढ्या वेळात दंडाची ताकद चेंडूपर्यंत पोचायला वावच नसतो. त्या क्षणी क्लबचं डोकं किती वेगात होतं, चेंडूला कुठे लागलं आणि कुठे बघत होतं, यावरच सगळा हिशेब ठरतो.

आधी त्या पोराचं बघू. ताशी 95 मैल वेगाने आलेला ड्रायव्हर बरोबर मध्यावर लागला, तर चेंडू क्लबच्या जवळपास दीडपट, म्हणजे 140 मैलांच्या वेगाने सुटतो. तुमचा स्विंग 100 चा असला तरी चेंडू फेसच्या कडेला लागला की हा गुणाकार दीडवरून खाली येतो, आणि तुम्ही त्याच्या मागे. अंगात जोर चढला की फटका मध्यावर बसणं सगळ्यात आधी बिघडतं.

आता उजवीकडचं. चेंडू सुटतो तो बहुतांशी फेस जिकडे बघत असेल तिकडे. स्विंगची वाट त्याहून वेगळी असेल तर तो हवेत वळतो. जोर करताना खाली येतानाच उजवा खांदा पुढे उसळतो आणि क्लब बाहेरून आत कापत येतो. फेस त्या वाटेच्या मानाने उघडा राहिला की झाला स्लाइस. यात क्रिकेटचाही हात असावा असा माझा संशय आहे. कव्हर ड्राइव्हला डावं कोपर वर ठेवून बॅटचा चेहरा चेंडूमागे धरून ठेवायला आपण शिकलेलो असतो. गोल्फमध्ये मात्र चेंडूपाशी येताना हात वळावे लागतात. चेंडू पाच अंश उजवीकडे सुटला तर पुढे अजिबात न वळताही सव्वादोनशे यार्डांवर तो वीसेक यार्ड बाजूला गेलेला असतो.

म्हणून मुद्दाम डावीकडे तोंड करून उभे राहत असाल, तर ते आजच थांबवा. बाहेरून आत येणारी वाट त्याने आणखी तिरपी होते आणि चेंडू जास्तच वळतो.

तुम्ही म्हणाल, मग ब्रायसन डीशॅम्बोचं काय? त्याने वजन वाढवून, सगळा जोर लावून 2020 ची यूएस ओपन सहा फटक्यांनी जिंकली. खरं आहे, आणि चार दिवसांत 56 पैकी फक्त 23 फेअरवे त्याला सापडले! पण रफमधून चेंडू ग्रीनवर काढण्याइतकं त्याचं मनगट आणि तिथून उरलेलं थोडं अंतर, दोन्ही त्याच्याकडे होतं. आपला चेंडू हद्दीबाहेर गेला की एक फटका दंड, वर पुन्हा त्याच जागेवरून मारायचं.

त्यापेक्षा अमेरिकेतल्या महिला टूरच्या खेळाडूंकडे बघा. त्यांचा सरासरी स्विंग ताशी 94 मैलांच्या आसपास, म्हणजे तुमच्या तोडीचाच. पुरुष व्यावसायिक सरासरी किंचित खाली येताना मारतात. या बायका ड्रायव्हर वर जाताना चेंडूला लावतात आणि तेवढ्याच वेगातून जास्त लांबी काढतात. तुम्हीही चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत ठेवा. टी एवढी उंच की निम्मा चेंडू क्लबच्या डोक्यावरून दिसेल.

रेंजवर पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या मार्करने चेंडूवर ठिपका काढा आणि ती बाजू क्लबकडे करून मारा. फटका कुठे बसला त्याचा डाग फेसवर उमटतो. दहा चेंडूंत सात डाग मध्याजवळ पडेपर्यंत वेग वाढवू नका. मला हे जमायला दोन पावसाळे लागले, तुम्हाला कमी लागोत.

आणि ड्रायव्हरवर किती अंश लिहिलेत तेही बघा. टीव्हीवरच्यांचं बघून नऊ अंशांचा घेतला असेल, तर कुणाचा तरी साडेदहा किंवा बारा अंशांचा मागून चार फटके मारा. लॉफ्ट वाढला की उलटी फिरकी वाढते, तिचा आस कमी कलतो आणि स्लाइस थोडा सौम्य होतो.