नेट चालू, पण साइट उघडेना! असे का?



आता पुष्कळ घरी फायबरचे नेट आले आहे. ते पूर्ण बंद पडले तर लगेच कळते. राउटरवर ‘एलओएस’ नावाचा बारीक दिवा असतो, तो लाल पेटतो. म्हणजे काचेच्या तारेतून प्रकाश येत नाही. तार कुठेतरी तुटली, नाहीतर फार वाकली. ती कंपनीच्या माणसानेच जोडायची, आपण हात लावायचा नाही.

पण दुसरा एक प्रकार माणसाला चक्रावून टाकतो. दिवे सगळे हिरवे. गुगल उघडते, यूट्यूबही चालते. आणि नवोदयचा फॉर्म, सातबारा, पीक विमा, वर्तमानपत्र, यातले काही उघडत नाही. चक्र नुसते गोल फिरत राहते. फॉर्मची शेवटची तारीख जवळ आलेली असली म्हणजे मग घरात चिडचिड. कुणी फटफटी काढून तालुक्याला पळतो, कुणी हजार-दीड हजार घालून नवा राउटर आणतो. पुष्कळदा दोन्हीची गरज नसते. दोष कुठे आहे ते घरीच शोधता येते.

पहिली गोष्ट. तीच साइट दुसऱ्या मोबाइलवर, त्याच वायफायवर उघडून पाहा. तिथे उघडली तर राउटर ठीक, पहिल्या यंत्रातच दोष आहे. नंतर वायफाय बंद करून सिमकार्डच्या नेटवर पाहा. तिथेही एकच साइट उघडत नसेल आणि बाकीच्या उघडत असतील, तर दोष त्या साइटचा. शेवटच्या दिवशी सरकारी साइटवर इतकी गर्दी होते की ती आपोआपच रांगते. तेव्हा राउटरला बोल लावू नये! ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नऊनंतर फेसबुक आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद होते. तो बिघाड त्या कंपनीच्या आतला होता, आपल्या घरातला नव्हे.

आता समजा, सिमकार्डच्या नेटवर सगळे उघडते आणि घरच्या वायफायवर मोजकेच उघडते. मग नेट कसे चालते ते थोडे समजून घ्यावे लागेल.

आपल्या शेताला आपण नाव देतो. चिंचेचे वावर, ओढ्याकडचे रान. गावात ते नाव चालते. तलाठी कार्यालयात मात्र नाव सांगून भागत नाही, गट नंबर लागतो. नेटचेही तसेच आहे. आपण साइटचे नाव टाइप करतो, पण यंत्राला नंबर लागतो. नावावरून नंबर सांगणारी एक व्यवस्था आहे, तिला डीएनएस म्हणतात. पूर्वी नेटवर यंत्रे थोडी होती, तेव्हा सगळी नावे एकाच यादीत असत. ती यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्था सांभाळी. यंत्रे वाढली, यादी पुरेना. म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही व्यवस्था तयार केली. तिच्यात सगळा भार एकाच यादीवर नसतो, तो अनेक ठिकाणी वाटलेला असतो.

ही नाव-नंबरची वही बंद पडली तर रस्ता चांगला असूनही साइट सापडत नाही. आधी विचारलेले काही नंबर मात्र यंत्राच्या लक्षात असतात. म्हणून थोड्या साइट उघडत राहतात आणि आपल्याला वाटते, नेट तर चालू आहे!

दुसरी एक गंमत आहे. शेताला जसे आधी सर्व्हे नंबर होते आणि एकत्रीकरणानंतर गट नंबर आले, तसे नेटवरही नंबरांचे दोन प्रकार आहेत. जुन्या प्रकारात एकूण नंबर होतात ४,२९,४९,६७,२९६. एवढे मोठे वाटतात, पण पुरले नाहीत. जगाच्या मुख्य साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. नव्या प्रकाराचे नंबर ६ जून २०१२ पासून मोठ्या कंपन्यांनी कायमचे सुरू केले. शेतात जुना नंबर जाऊन नवा आला. नेटवर मात्र दोन्ही बरोबरच चालतात. गुगल, यूट्यूब, फेसबुक यांच्याकडे दोन्ही नंबर आहेत. पुष्कळ साइटकडे अजून जुनाच आहे. जुन्या नंबरांची वाट तेवढी अडली, की गुगल चालते आणि बाकीचे अडते. याचे नेमके चिन्ह हेच!

मग वही बंद आहे की वाट अडली आहे? हे ओळखायला संगणकावर एक सोपी परीक्षा आहे. विंडोजच्या शोध चौकटीत ‘सीएमडी’ ही इंग्रजी अक्षरे टाइप करा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात ‘पिंग’ लिहून, एक जागा सोडून ८.८.८.८ लिहा (शब्द आणि अंक, दोन्ही इंग्रजीत बरं का) आणि एंटर दाबा. हा गुगलच्या एका यंत्राचा जुन्या प्रकारचा नंबर आहे. इथे नंबरच दिला, म्हणजे वहीची गरज उरली नाही.

‘रिप्लाय फ्रॉम’ अशा ओळी आल्या, तर वाट मोकळी आहे. मग अंकांच्या जागी न उघडणाऱ्या साइटचे नाव लिहून तेच करा. ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ असे आले की चोर सापडला, डीएनएस! पण ८.८.८.८ लाच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आले आणि त्याच वेळी गुगल उघडत असेल, तर जुनी वाट अडली असे समजावे.

दोन्हीवर पहिला इलाज एकच. राउटरचे बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि दिवे स्थिर होऊ द्या. मागच्या बारीक भोकात टाचणी मात्र घालू नका. ते रिसेटचे बटण आहे. त्याने कंपनीने भरलेले नाव आणि पासवर्ड पुसले जाऊ शकतात. मग जे थोडे चालत होते तेही बंद!

एवढ्याने भागले नाही आणि दोष डीएनएसचा असेल, तर संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरता येते. पहिली वही गुगलची, २००९ पासूनची. दुसरी क्लाउडफ्लेअरची, २०१८ पासूनची. आधी एकाच यंत्रावर करून पाहावे, राउटरमध्ये लगेच बदल करू नये.

एकाच मोबाइलवर त्रास असेल तर ‘प्रायव्हेट डीएनएस’ ही सेटिंग पाहा. जाहिराती बंद करायला पुष्कळ दादा लोक तिथे काहीबाही नाव भरून ठेवतात. ती सेवा बंद पडली की वायफाय असो वा सिमकार्ड, साइट उघडत नाहीत. तिथे ‘ऑटोमॅटिक’ निवडावे.

आणि जुन्या संगणकाचे घड्याळ! आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की लाइट गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. संगणकाला ते मुदतीबाहेरचे वाटते आणि तो साइट उघडायला नकार देतो. तारीख नीट करा. बॅटरीवर बहुधा ‘सीआर २०३२’ असे लिहिलेले असते, ती स्वस्तात मिळते.

पालकांनी एक गोष्ट जरूर वाचावी. डीएनएसच्या जागी कुणीही फोनवर सांगितलेला नंबर भरू नये. वहीच खोटी असली तर बँकेचे नाव बरोबर टाकूनही आपण भलत्याच ठिकाणी जाऊ शकतो. ‘डीएनएस चेंजर’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातल्या सुमारे ४० लाख संगणकांत अशीच खोटी वही घुसवली होती. ती टोळी नोव्हेंबर २०११ मध्ये पकडली गेली. त्या संगणकांचे नेट एकदम तुटू नये म्हणून कोर्टाच्या आदेशाने खोट्या वहीच्या जागी काही महिने खरी वही चालवली. ९ जुलै २०१२ ला ती बंद केली. तोवर ज्यांनी संगणक साफ केला नव्हता, त्यांना साइट सापडेनात. तसेच कंपनीचा तक्रार नंबर गुगलवर शोधू नका, तिथे भामटेही आपले नंबर टाकतात. नंबर बिलावरून घ्या. कुणी ओटीपी मागितला किंवा मोबाइलमध्ये ॲप घ्यायला सांगितले तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

जुनी वाट अडलेली असेल आणि राउटर बंद-चालू करूनही उघडली नाही, तर काम कंपनीचेच आहे. तिथे ‘नेट चालत नाही’ एवढेच सांगितले तर ‘दिवे हिरवे आहेत ना? मग चालू आहे’ असे उत्तर मिळते. म्हणून असे सांगा: “दिवे हिरवे आहेत. गुगल उघडते, बाकीच्या साइट उघडत नाहीत. ८.८.८.८ ला पिंग जात नाही. आयपीव्ही-फोर बंद आहे, ते तपासा.” आयपीव्ही-फोर म्हणजे तेच जुने नंबर. आणि तक्रारीचा क्रमांक कागदावर लिहून घ्या.