पांढरा मोगरा, तांबडी जास्वंद आणि कॅमेरा

प्रश्न : गच्चीवरील कुंडीतला मोगरा मोबाइलच्या छायाचित्रात मळकट दिसतो, तर तांबडी जास्वंद शिरा हरवून सपाट दिसते. असे का होते?

उत्तर : कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो, त्यामुळे चौकट पांढऱ्या मोगऱ्याने भरली की प्रकाश आवश्यकतेपेक्षा कमी घेतला जातो आणि शुभ्र पाकळी करडी उमटते. यावर उपाय म्हणजे प्रकाशभरपाई, अर्थात मापकाने ठरवलेला प्रकाश हाताने कमी-अधिक करणे. बहुतेक मोबाइलवर फुलाला स्पर्श केल्यावर दिसणारी सरकपट्टी किंचित वर नेली की पांढरेपणा परततो. जास्वंदीचे कारण निराळे आहे. संवेदक लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाची स्वतंत्र नोंद घेतो. त्यांपैकी लाल नोंद या फुलात कमाल मर्यादेला पोचते आणि शिरांमधील सूक्ष्म छटाभेद पुसला जातो, म्हणून येथे तीच पट्टी खाली आणावी लागते. वैशाखातले दुपारचे ऊन दोन्ही फुलांना मारकच. मोगरा संध्याकाळनंतर उमलत असल्याने तो सूर्योदयाच्या सुमारास टिपावा, जास्वंदीसाठी मात्र ती पुरती उमलेपर्यंत थांबावे. पाणी शिंपडून कृत्रिम दव निर्माण करण्याची हौस (ती अनेकांना असते) मोगऱ्याच्या बाबतीत टाळलेली बरी, कारण थेंबांच्या चकाकीत पाकळीचा उरलेला तपशीलही हरपतो.